ताप उतरला, थकवा नाही: मुलं सांभाळणाऱ्या आई-बाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका फ्लूनंतर पाच महिने मला दहा मिनिटं सलग उभं राहणं जमत नव्हतं. घरात तेव्हा तीन वर्षांची मुलगी होती. त्या काळाबद्दल मी मोकळेपणानं बोलायला लागलो तेव्हापासून आई-बाबा मला प्रश्न पाठवत आले आहेत. घरं वेगळी, आजार वेगळे, पण प्रश्न जवळपास तेच. ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही; वैद्यकात जे मान्य आहे आणि जे मी स्वतः पाळून पाहिलं, तेवढंच लिहिलं आहे. छातीत दुखतंय, धाप लागतेय किंवा जगणं नकोसं वाटतंय, असं काही असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न 4 वाचा.

1. ताप जाऊन तीन आठवडे झाले, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी अंगात त्राण नाही. असं खरंच होतं, की मीच मनाला लावून घेतेय?

खरंच होतं. फ्लू, डेंग्यू, चिकुनगुनिया, कोविड, एपस्टाइन-बार विषाणूमुळे येणारा ग्लँड्युलर फीव्हर, यांतल्या कशानंतरही थकवा रेंगाळू शकतो. रोजचं दमणं एका झोपेत उतरतं. इथे आठ तास झोपूनही माणूस डोळा न लागल्यासारखा उठतो. केस विंचरताना हात खाली येतात. मुलानं विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर माहीत असतं, पण शब्द सापडत नाही. नेहमीच्या रक्ततपासण्यांमध्ये हा थकवा दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आले की दुखणं खोटं ठरत नाही.

2. हे किती दिवस चालणार? माझ्या रजेचं, मुलाच्या शाळेत ने-आण करण्याचं काहीतरी ठरवायला हवं.

बहुतेकांचा थकवा काही आठवड्यांत ओसरतो, काहींचा महिनोन्‌महिने राहतो. ऑस्ट्रेलियातल्या डबो या भागात तीन वेगवेगळ्या संसर्गांनंतर अडीचशे रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार थकव्याचं हे दुखणं सहा आठवड्यांनी 35 टक्के, तीन महिन्यांनी 27 टक्के, सहा महिन्यांनी 12 टक्के आणि वर्षानं 9 टक्के लोकांमध्ये होतं. संसर्ग कोणताही असो, थकव्याचं रूप सारखंच होतं. आणि कोणाचा थकवा लांबणार, हे मूळ आजार किती जोरात आला होता त्यावरून ठरलं, माणसाच्या स्वभावावरून नाही. प्रश्न 1 विचारणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

व्यवस्था लावताना सहा आठवड्यांचा हिशोब धरा. "पुढच्या सोमवारपासून मी ठीक" असं कोणालाही, विशेषतः मुलाला, सांगू नका.

3. विषाणू गेला असेल तर शरीर अजून का गळतं?

तापात येणारी ग्लानी बरीचशी विषाणूमुळे नसते, त्याच्याशी लढणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे असते. तिनं सोडलेली रसायनं मेंदूला सांगतात की पडून राहा. काहींच्या शरीरात ही लढाई शत्रू गेल्यावरही पुरती शमत नाही. नाडी आणि रक्तदाब सांभाळणारी मज्जासंस्था बिघडते (प्रश्न 9), पेशींमध्ये ऊर्जा तयार होण्यातही दोष आढळले आहेत. एकच एक कारण नसल्यामुळे एकच एक औषधही नाही.

4. डॉक्टरांकडे कधी जायचं? कोणत्या तपासण्या सांगतील?

छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, शुद्ध हरपणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, हातापायातली ताकद अचानक जाणं, किंवा स्वतःला अथवा मुलाला इजा करण्याचे विचार येणं: यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला जा. पुन्हा पुन्हा येणारा ताप, विनाकारण घटणारं वजन, रात्री कपडे भिजतील इतका घाम, न जाणाऱ्या गाठी यांसाठी त्याच आठवड्यात जा.

यांपैकी काही नसेल तरी तीन-चार आठवड्यांनंतरही रोजची कामं जमत नसतील तर दाखवा. थकव्याची दुसरी, उपचार होणारी कारणं वगळायची असतात. त्यासाठी साधारणपणे हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन, थायरॉइड, साखर, बी-12, ड जीवनसत्त्व, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सांगतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी असू शकतो. पाळी जास्त जाणाऱ्या आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांनी ते आवर्जून विचारावं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येऊ शकते आणि तिचा थकवा सहज "आईपणाचा थकवा" समजून सोडून दिला जातो.

जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या: आधी काय जमत होतं, आता काय जमत नाही, आणि काय केलं की दुसऱ्या दिवशी काय होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नुसतं "थकवा आहे" म्हणालो आणि "सगळ्यांनाच असतो" ऐकून परतलो. दुसऱ्या डॉक्टरांपुढे कागद ठेवला तेव्हा बोलणं अर्धा तास चाललं.

5. शनिवारी बरं वाटलं म्हणून मुलांना बागेत नेलं, घर आवरलं. सोमवारी उठताच येईना. मधला रविवार तर ठीक गेला होता! मग हे कशानं?

शनिवारनंच. या थकव्याचं हे सर्वात फसवं लक्षण आहे. श्रमाची शिक्षा लगेच मिळत नाही. बऱ्याचदा 12 ते 48 तासांनी मिळते आणि काही दिवस, कधी काही आठवडे टिकते. डॉक्टर याला पोस्ट-एक्झर्शनल मॅलेझ म्हणतात. मी सरळ "घसरण" म्हणतो. ती चालण्या-उचलण्यानं येते, तशीच दोन तास हिशोब तपासल्यानं, भांडणानं किंवा गोंगाटातल्या वाढदिवसानंही येते. घसा खवखवतो, अंग दुखतं, कणकण वाटते, म्हणून लोकांना पुन्हा ताप येतोय असं वाटतं.

मधला दिवस ठीक जातो, त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा मेळ बसत नाही. जरा हुशारी वाटली की आपण साठलेली सगळी कामं उरकतो, आपटतो, पडून राहतो, पुन्हा हुशारी वाटते, पुन्हा उरकतो. या फेऱ्यात महिने जातात. दोन आठवडे रोज दोनच ओळी लिहा: आज काय केलं, आज कसं वाटलं. मग वाईट दिवसापासून दोन दिवस मागे बोट सरकवा. माझ्या वहीत प्रत्येक घसरणीच्या दोन दिवस आधी जिना सापडला, मुलीला कडेवर घेऊन चढलेला.

घसरण होत असेल तर प्रश्न 14 आणि 19 तुमच्यासाठी महत्त्वाचे आहेत. होत नसेल, नुसता अशक्तपणा असेल, तर हळूहळू हालचाल वाढवणं सहसा चालतं.

6. "विश्रांती घ्या" म्हणतात. दोन मुलं असताना विश्रांती घ्यायची कशी?

हाच प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि त्याला "मुलं झोपली की तुम्हीही झोपा" एवढं उत्तर देणं हा अन्याय आहे.

मूळ कल्पना पेसिंगची: शरीराला आज जेवढं झेपतं त्याच्या थोडं आत राहायचं. थकल्यावर थांबायचं नाही, थकण्याआधी थांबायचं. मूल असलं की यात एक भर घालावी लागते. मुलं दिवस ठरल्याप्रमाणे जाऊ देत नाहीत. कोणीतरी पडतं, कोणाला उलटी होते. म्हणून झेपतं तेवढं सगळं योजनेत घालू नका. रोज काही शक्ती बिनकामाची शिल्लक ठेवा. ती उरली तर वाया गेली असं नाही, तीच उद्याची आहे.

माझ्याकडे टिकलेल्या गोष्टी सांगतो. दिवसाचं एकच मोठं काम. मुलीला आंघोळ घालण्याच्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत. लहान मुलाला रोज न्हाऊ घालण्याची गरज नसते. हात, तोंड आणि खालचं अंग स्वच्छ केलं तरी पुरतं. जे बसून होतं ते उभं राहून करायचं नाही: चिरणं, घड्या, इस्त्री, मुलाचे कपडे बदलणं. पाणी, खाऊ, डायपर, पुसायची फडकी आणि दोन पुस्तकं असलेली एक टोपली मी पडून असायचो तिथे ठेवली. त्या टोपलीनं माझ्या दिवसाच्या कितीतरी फेऱ्या वाचवल्या. आणि खरी विश्रांती दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांची: आडवं, डोळे मिटून, फोन लांब. फोन चाळणं ही विश्रांती नाही. डोकं कामालाच लागलेलं असतं.

एक जागा मुलासाठी पूर्ण सुरक्षित करा. दार बंद होतं, फर्निचर भिंतीला पक्कं बांधलेलं आहे, प्लगना झाकणं आहेत, गिळता येईल असं काही खाली नाही, अशी. त्या खोलीत तुम्ही जमिनीवर आडवे आणि मूल मोकळं. दर मिनिटाला "नको, नको" म्हणत उठावं लागत नाही, आणि ते उठणंच सर्वात महाग पडतं. बाळ रांगणारं असेल आणि तुमचा डोळा लागण्याची शक्यता असेल, तर मात्र त्याला जागं माणूस हवंच.

7. आडवं पडून मुलाशी काय खेळता येतं?

बरंच काही. तुम्ही पेशंट, मूल डॉक्टर. पाटीभर पट्ट्या लावून घ्या. तुमची पाठ हा गाड्यांचा रस्ता. पाठीवर बोटानं अक्षर काढायचं, दुसऱ्यानं ओळखायचं. तुम्ही झोपलेला राक्षस, मुलानं आवाज न करता खजिना पळवायचा. या खेळात शांतता फुकट मिळते. मोठ्या मुलाला पुस्तक तुम्हाला वाचून दाखवू द्या. मूल जवळिकीचं भुकेलं असतं आणि जवळीक आडवी पडूनही देता येते. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं पूर्ण लक्ष, हे दिवसभराच्या अर्ध्या लक्षापेक्षा माझ्या मुलीला जास्त पुरलं.

8. दीड वर्षाचं बाळ सारखं कडेवर मागतं. उचलू का?

शक्यतो तुम्ही खाली बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या. स्टूल, पायरी, खाली टेकणारी गादी यांनी मूल स्वतः चढू-उतरू शकतं. उचलायचंच असेल तर दिवसात कितीदा, ते सकाळीच ठरवा.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. ग्लँड्युलर फीव्हरमध्ये प्लीहा सुजू शकते आणि पोटावर मार बसला तर ती फुटण्याचा धोका असतो. आजार सुरू झाल्यापासून निदान पहिला महिना, आणि डॉक्टर मोकळीक देईपर्यंत, वजन उचलू नका आणि मुलाला पोटावर उड्या मारू देऊ नका. पोटात डाव्या बाजूला वर अचानक जोरात दुखलं तर लगेच दवाखाना.

9. झोपून असलं की ठीक. उभं राहिलं की छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आंघोळीनंतर तर गळूनच जायला होतं.

उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं आणि शरीर नाडी वाढवून तोल साधतं. विषाणूनंतर काहींचा हा तोल बिघडतो. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत रक्तदाब फारसा न उतरता नाडी मिनिटाला 30 किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढत असेल (12 ते 19 वर्षांच्या मुलांत 40) आणि त्रास महिनोन्‌महिने टिकला असेल, तर डॉक्टर पॉट्स या विकाराचा विचार करतात. त्याला उपचार आहेत, म्हणून हे लक्षण वेगळं करून सांगा.

तोवर स्टुलावर बसून, कोमट पाण्यानं आंघोळ करा. कढत पाण्यानं रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्रास वाढतो. अंथरुणातून आधी बसा, मग उठा. पाणी भरपूर प्या. मीठ वाढवण्याचा सल्ला बऱ्याच जणांच्या कानावर येतो, पण रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर तो घातक ठरू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अंधारी येत असताना बाळाला घेऊन जिना चढू-उतरू नका.

10. बाळ रात्री चार वेळा उठतं. मी कधी बरी होणार?

तुकड्यांची झोप बरं होणं लांबवते, हे खरं. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर एक-एक वेळ उठण्याऐवजी रात्र वाटून घ्या: मध्यरात्रीपर्यंत एक, पुढे दुसरा. सलग पाच तास हे अडीच-अडीच तासांच्या दोन डुलक्यांहून कितीतरी मोलाचे. तुमची पाळी नसेल तेव्हा दुसऱ्या खोलीत झोपा. त्याच खोलीत कान जागेच राहतात.

झोप अनावर होत असताना बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नका. तिथे डोळा लागला तर बाळ फटीत अडकून गुदमरू शकतं. सोफा हा बाळासोबत झोपण्यासाठी सर्वात धोकादायक जागांपैकी एक आहे. अशा अवस्थेत गाडीही चालवू नका, मग मुलाला शाळेला उशीर झाला तरी चालेल.

11. अंगावर पाजते. त्यानं थकवा वाढतोय का? थांबवू का?

दूध तयार करायला शरीराला रोज चार-पाचशे कॅलरी जास्त लागतात, म्हणून भूक आणि तहान मारू नका. पण सर्वसाधारण विषाणूजन्य आजारानंतर पाजणं थांबवण्याचं वैद्यकीय कारण सहसा नसतं, आणि कुशीवर पडून पाजणं म्हणजे थोडी विश्रांतीच. (प्रश्न 10मधली काळजी इथेही घ्या.) स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं. तुम्हाला थांबवावंसं वाटत असेल, तर तेही तुमच्या हातात आहे. त्यासाठी आजाराचं निमित्त सांगायची गरज नाही.

12. मुलाला काय सांगायचं? पाच वर्षांची आहे, "आई, तू मरणार का?" असं विचारते.

खरं सांगा, थोडक्यात सांगा. "नाही. मला ताप आला होता, तो गेला. शरीराला पुन्हा शक्ती यायला वेळ लागतोय. डॉक्टरांना दाखवलंय." त्यापुढे एक वाक्य हवंच: "हे तुझ्यामुळे झालेलं नाही." लहान मुलं न सांगता असं धरून चालतात की आपण दंगा केला म्हणून आई आजारी पडली. माझ्या मुलीनं ते तीन महिन्यांनी बोलून दाखवलं, आणि मी ते आधीच सांगायला हवं होतं.

आज किती झेपेल ते दाखवायला हिरवी, पिवळी आणि लाल चिठ्ठी दाराला लावा. ती मुलालाच लावू द्या. लाल दिवशी काय करायचं, तेही दोघांनी आधी ठरवा. मात्र मुलाला तुमची सेवा करायला लावू नका. पाणी आणून देणं छान. तुमची काळजी वाहणं हे त्याचं काम नाही.

13. सहन होत नाही आणि मी मुलांवर ओरडते. मग रडते. टीव्हीही फार वेळ लावून ठेवते.

या थकव्यात आवाज आणि गोंगाट अक्षरशः टोचतात, आणि चिडचिड हे बऱ्याचदा शक्ती संपत आल्याचं पहिलं लक्षण असतं. ती आली की थांबण्याची खूण समजा: मुलाला सुरक्षित जागी ठेवा, पाच मिनिटं बाजूला व्हा. फोम किंवा सिलिकॉनच्या कानबोळ्यांनी गोंगाट कमी होतो आणि मुलाची हाक तरीही ऐकू येते. ओरडल्यावर परत जाऊन "मी ओरडले, ते चुकलं" एवढं म्हणा. त्यानं नातं दुरुस्त होतं. टीव्हीबद्दल माझं स्पष्ट मत: आजारपणातले काही महिने तो जास्त लागला तर लागू दे. तो चालू असताना तुम्ही डोळे मिटा, नाहीतर त्या सवलतीचा उपयोग काय?

14. घरचे म्हणतात, "पडून राहून अंग आखडतं, जरा व्यायाम कर." खरं आहे का?

अर्धं खरं. महिनोन्‌महिने अंथरुणात राहिल्यानं स्नायू झिजतात, आणि घसरण होत नसलेल्यांना बेताची, वाढती हालचाल मानवते. पण प्रश्न 5मधली घसरण ज्यांना होते त्यांना ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेणं अपाय करू शकतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं ऑक्टोबर 2021मध्ये मायल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम, या आजारासाठीच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या तेव्हा असा ठरावीक वाढीचा व्यायाम उपचार म्हणून देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं. शिवाय काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते. छातीत दुखणं किंवा धडधड असेल तर तपासून घेईपर्यंत व्यायाम नाहीच.

घरच्यांना समजावण्यासाठी वाद उपयोगी पडत नाही, प्रश्न 5मधली वही पडते. "सोमवारी हे केलं, बुधवारी हे झालं" असं तीनदा दिसलं की बहुतेकांना पटतं. आणि मोघम "मदत करा" म्हणण्याऐवजी ठरलेलं काम द्या: मंगळवारी आणि शुक्रवारी मुलाला शाळेतून आणणं तुमचं.

15. हे डिप्रेशन तर नाही ना?

साधारण फरक असा: नैराश्यात काही करावंसंच वाटत नाही, इथे करावंसं खूप वाटतं, शरीर साथ देत नाही. पण दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि लांबलेल्या आजारानं मन खचणं अगदी स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच आनंद वाटत नसेल, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं असेल, तर सांगा. प्रसूतीनंतरच्या वर्षात तर नक्कीच. नैराश्यावर उपचार घेतल्यानं थकवा खोटा ठरत नाही.

16. कॉफीवर दिवस काढतोय. चालेल?

एखादा कप सकाळी चालेल. कॅफिननं शक्ती येत नाही, थकव्याची जाणीव दबते, म्हणजे थांबण्याची खूणच हरवते. शिवाय तासागणिक उतरत जाऊनही त्याचा निम्मा भाग साधारण पाच तासांनी अंगात असतो, त्यामुळे दुपारनंतर नको. टॉनिकं आणि गोळ्या तपासणीत कमतरता निघाली तरच.

17. मी एकटी पालक आहे. वाटून घ्यायला कोणीच नाही.

मग प्रश्न 6मधली प्रत्येक गोष्ट जास्त काटेकोरपणे करावी लागेल, आणि काही गोष्टी सरळ सोडाव्या लागतील. मुलं सुरक्षित, पोट भरलेलं, झोपेची वेळ ठरलेली: या तीन गोष्टी झाल्या की दिवस पार पडला. शाळेतल्या शिक्षकांना सांगा. दुसऱ्या एखाद्या पालकाशी अदलाबदल ठरवा. आज त्यांनी दोन्ही मुलांना आणलं, तुम्ही बरं झाल्यावर फेडाल. घसरणीच्या दिवसासाठी एका माणसाचा नंबर आणि चार ओळींची चिठ्ठी तयार ठेवा: मुलं काय खातात, औषधं कुठे आहेत, कधी झोपतात. तुम्हाला बोलायचंही त्राण नसेल, तेव्हा ती चिठ्ठी बोलेल.

18. माझ्यासोबत मुलालाही ताप आला होता. तोही अजून मलूल आहे. सुट्टीत खेळतो, मग शाळेच्या दिवशी पडून राहतो. नाटक करतोय का?

सुट्टीतल्या खेळानंतर शाळेच्या दिवशी पडून राहणं हे नाटकापेक्षा प्रश्न 5मधल्या घसरणीसारखं जास्त दिसतं. मुलं साधारणपणे मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात, पण त्यांनाही हे होतं. चार आठवड्यांनंतरही नेहमीसारखं नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शाळेशी बोलून अर्धा दिवस, खेळाच्या तासाला सूट आणि मध्ये आडवं व्हायची जागा मागा. घरी दोघांची विश्रांतीची वेळ एकच ठेवा.

19. आता बरं वाटायला लागलंय. कामं कधी वाढवू? आणि पुन्हा सर्दी झाली तर?

दोन आठवडे घसरण न होता गेले, तर एक गोष्ट, एकच, थोडी वाढवा. बागेत दहा मिनिटांऐवजी पंधरा. मग निदान तीन दिवस थांबून बघा, कारण उत्तर उशिरा येतं. घसरलात तर जुन्या मापावर परत या. हिशोब ठरलेल्या तारखेचा नाही, शरीर काय सांगतं त्याचा ठेवा.

लहान मुलं घरात सर्दी-खोकला आणणारच. तो आला की थकवा काही काळ पुन्हा वाढू शकतो. त्या दिवसांत आठवड्याभराची कामं निम्मी करा आणि ताप गेल्यावरही आणखी एक आठवडा तशीच निम्मी ठेवा. पाचव्या महिन्यात मी ही चूक केली: सर्दी गेली त्याच दिवशी मुलीला खांद्यावर बसवून फिरवून आणलं आणि दहा दिवस गमावले. त्यानंतरच्या वेळी ती खांद्यावर बसायला मागत होती तेव्हा मी गवतावर आडवा झालो आणि ती माझ्या पोटावर बसली. तेवढ्यावर ती खूश होती.